सरळ उभं राहण्याचा हक्क

वारी सुरू झाली की एक फोटो हमखास येतो. माणूस दर वर्षी वेगळा असतो, फोटो मात्र तोच. ऐंशीच्या आसपासचा वारकरी, डोक्याला मुंडासं, कपाळी बुक्का, गळ्यात तुळशीमाळ. चेहऱ्यानं अख्खी फ्रेम भरलेली, मागचा दिवे घाट धूसर. सुरकुत्या इतक्या ठळक की एकेक मोजून घ्यावी. बहुतेकदा फोटो ब्लॅक अँड व्हाइट केलेला. खाली एखाददुसरा शब्द : 'श्रद्धा', 'माउली', नाहीतर 'अनुभवाच्या रेषा'. हा फोटो स्पर्धांना जातो, कॅलेंडरवर येतो, आणि इन्स्टावर तर आषाढ संपेपर्यंत त्याचा पूर असतो.

या फोटोबद्दल माझी तक्रार साधी आहे. त्यातल्या माणसाचं नाव जवळजवळ कधीच नसतं. तो कुठल्या गावचा, कुठल्या दिंडीतला, शेती करतो की गिरणीतून निवृत्त झालाय, काही कळत नाही. कळतं ते एवढंच, की त्याची कातडी सुरकुतलेली आहे. ते तर आपल्याला आधीही माहीत होतं.

या सुरकुत्या जितक्या दिसतात तितक्या असतातच असंही नाही. एडिटिंग अ‍ॅपमधला 'क्लॅरिटी'चा स्लायडर उजवीकडे ओढला की उजेड-सावलीतला फरक वाढतो. सुरकुतीची कड उजळते, खाच काळी पडते. रंगीत फोटो ब्लॅक अँड व्हाइट करताना लाल आणि नारिंगी रंग खाली आणले की कातडी गडद आणि खडबडीत होते, कारण माणसाच्या त्वचेचा रंग मुख्यतः त्याच पट्ट्यात असतो. तीस सेकंदांत चेहऱ्याचं नांगरलेलं रान होतं. आणि त्याच फोननं आपण सेल्फी काढतो तेव्हा ब्यूटी मोड नेमकं उलट काम करतो : आपल्या चेहऱ्यावरच्या रेषा पुसतो. एकाच यंत्रात दोन न्याय आहेत. आपलं वय लपवायचं आणि त्यांचं उगाळायचं.

२०१९च्या जुलैत 'फेसअ‍ॅप'चा म्हातारपणाचा फिल्टर आठवतोय का? आठवडाभर सगळे आपापले म्हातारे चेहरे टाकत होते. मजा होती, कारण बटण दाबलं की परत तरुण होता येत होतं. त्या फिल्टरला म्हातारपण म्हणजे काय वाटत होतं ते बघण्यासारखं आहे : पांढरे केस, गालावर घड्या, डोळ्यांखाली पिशव्या. वारीतल्या त्या फोटोलाही म्हातारपण म्हणजे एवढंच वाटतं. दोघांच्याही दृष्टीनं ती एक कातडीची अवस्था आहे, आणि त्या कातडीच्या आतला माणूस काही बोलेल, हरकत घेईल, 'हा नको, दुसरा काढ' म्हणेल, ही शक्यता दोघांनीही सोडून दिलेली आहे.

हरकतीचा मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो. म्हाताऱ्या माणसांच्या फोटोंबद्दल बोलताना सहसा दोन शब्द येतात, 'सन्मान' आणि 'सत्य'. एक बाजू म्हणते, त्यांना चांगलं दाखवा. दुसरी म्हणते, आहे तसं दाखवा. दोन्ही बाजूंत ठरवणारा फोटोग्राफरच. मी या फोटोंकडे बघताना तिसराच प्रश्न विचारते : समोरच्याला उलट उत्तर द्यायला जागा आहे का?

'आजी, नॅचरल राहा ना'

घरातल्या म्हाताऱ्या माणसासमोर फोन धरला की काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. आजी पदर सारखा करते. आजोबा बनियनवर असतील तर शर्ट मागवतात. कवळी काढून ठेवली असेल तर 'थांब जरा' म्हणून आत जातात. मग दोघं ताठ उभी राहतात, हात अंगाला चिकटलेले, नजर थेट कॅमेऱ्यात, ओठ मिटलेले. आणि आपण वैतागतो. 'अगं आजी, नॅचरल राहा ना. हस की जरा. कॅमेऱ्याकडे बघू नकोस.' शेवटी कंटाळून आपण फोन खाली घेतो आणि ती वाटाण्याच्या शेंगा सोलत बसली की गुपचूप काढतो. तो फोटो आपल्याला आवडतो. तिला आवडतो का, हे विचारायचं राहून जातं.

त्या ताठ उभं राहण्याला कारण आहे. त्या पिढीसाठी फोटो हा प्रसंग होता. स्टुडिओत जायचं, पैसे मोजायचे, ठेवणीतलं नेसायचं, फोटोग्राफर सांगेल तोवर हलायचं नाही. आयुष्यात मोजके फोटो, म्हणून प्रत्येकात आपण जसे दिसायला हवे तसे दिसायचं. जत्रेतल्या स्टुडिओत पुठ्ठ्याच्या मोटारीत बसून किंवा रंगवलेल्या ताजमहालापुढे उभं राहून काढलेले फोटो कित्येक घरांत असतील. ती मोटार खोटी आहे हे काढणाऱ्याला, काढून घेणाऱ्याला आणि बघणाऱ्याला, तिघांनाही ठाऊक असायचं. त्यात फसवणूक नव्हती. 'मला असं बघा' ही मागणी होती.

पोझ म्हणजे खोटेपणा आणि नकळत काढलेला फोटो म्हणजे खरेपणा, हे समीकरण आपण इतकं गिळलंय की त्यातला अधिकाराचा भाग दिसतच नाही. पोझ देताना चेहरा कसा दिसावा हे समोरचा माणूस ठरवतो. नकळत काढताना आपण ठरवतो.

हा झगडा जगातल्या काही थोर फोटोग्राफरांच्या घरातही झालाय. मी इथे तीन मुलांबद्दल बोलणार आहे. तिघांनी आपापल्या म्हाताऱ्या वडिलांचे फोटो काढले आणि तिघांची कामं नावाजली गेली. माझ्या प्रश्नाला तिघांचं उत्तर वेगवेगळं आहे.

पहिला मुलगा : अ‍ॅव्हेडन

रिचर्ड अ‍ॅव्हेडन हे अमेरिकेतलं फॅशन फोटोग्राफीचं फार मोठं नाव. 'हार्पर्स बझार', 'व्होग' ही त्याची मासिकं. कोऱ्या पांढऱ्या पडद्यापुढे माणूस उभा करायचा, बाकी काही ठेवायचं नाही, ही त्याची ओळख. त्याचे वडील जेकब इझ्रायल अ‍ॅव्हेडन हे न्यू यॉर्कमधले कपड्यांचे दुकानदार. १९६९ ते १९७३, म्हणजे वडिलांचा मृत्यू होईपर्यंत, तो त्यांचे फोटो काढत राहिला. १९७४ साली न्यू यॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये त्यांचं प्रदर्शन भरलं.

ते फोटो बघणं सोपं नाही. मागे तोच निर्दय पांढरा रंग. काहींत वडील सुटात आहेत, काहींत हॉस्पिटलच्या कपड्यात. शेवटाकडे चेहरा आक्रसत जातो आणि नजर कॅमेऱ्याला सोडून कुठेतरी भलतीकडे काहीतरी शोधते. मृत्यू इतक्या जवळून आणि इतक्या उजेडात क्वचितच कुणी दाखवला असेल.

अ‍ॅव्हेडननं वडिलांना एक पत्र लिहिलं होतं. त्याचा आशय असा, की तुम्ही फोटोसाठी उभे राहता तेव्हा तुमचं नसलेलं एक हसू पुढे करता, आणि मला हवाय तो त्यामागचा रागावलेला, भुकेला, जिवंत माणूस. पत्रात प्रेम आहे, यात शंका नाही. पण हे वाक्य आपल्या ओळखीचं आहे. 'नॅचरल राहा ना'चंच हे भारदस्त रूप. तुमचा खरा चेहरा कोणता हे तुमच्यापेक्षा मला जास्त कळतं, असं मुलगा बापाला सांगतोय.

गंमत अशी, की पोझबद्दल सर्वांत समजूतदार लिहिणाराही अ‍ॅव्हेडनच. त्याच्या लहानपणी घरचे फोटो काढताना कुटुंब दुसऱ्यांच्या घरांपुढे, दुसऱ्यांच्या मोटारींपुढे उभं राहायचं, शेजाऱ्यापाजाऱ्यांचे कुत्रे उसने आणायचं. एका वर्षाच्या अल्बममध्ये त्याला अकरा वेगवेगळे कुत्रे सापडले होते. यावरून त्यानं मांडलं, की पोर्ट्रेट हा सगळा अभिनयच असतो आणि त्यात वाईट काही नाही. म्हणजे उसन्या कुत्र्याचं मोल त्याला कळत होतं. वडिलांचं हसूही तसंच एक उसनं कुत्रं आहे, एवढी सवलत मात्र त्यानं त्यांना दिली नाही.

त्या फोटोंची ताकद मी नाकारत नाही. पण त्यांत एकाच माणसाचं म्हणणं आहे, आणि तो कॅमेऱ्याच्या मागे आहे.

दुसरा मुलगा : सुल्तान

लॅरी सुल्तान कॅलिफोर्नियाचा. १९८०च्या दशकात, रेगनच्या काळात, 'सुखी अमेरिकन कुटुंब' हा राजकीय नारा झालेला असताना तो आईवडिलांच्या घरी जाऊन फोटो काढू लागला. जवळपास दहा वर्षं हे चाललं आणि १९९२मध्ये 'पिक्चर्स फ्रॉम होम' हे पुस्तक आलं. वडील अर्व्हिंग हे शिक या दाढीच्या ब्लेडच्या कंपनीत विक्री विभागाचे व्हाइस प्रेसिडेंट होते. विकणं, रुबाबात राहणं, यश चेहऱ्यावर दिसू देणं, यात त्यांचं आयुष्य गेलेलं.

यातला एक फोटो फार गाजला. अर्व्हिंग सूट घालून पलंगाच्या कडेवर बसलेत. कपडे बाहेर जायचे, पण जायचं कुठेच नाही, असं बघणाऱ्याला वाटतं. निवृत्तीनंतरच्या पोकळीचं चित्र म्हणून तो कुठल्याही पाठ्यपुस्तकात घालावा असा.

पण अर्व्हिंगना तो मान्य नव्हता. त्यांनी मुलाला बजावलं, की हा फोटो लोकांना दाखवशील तेव्हा सांग, पलंगावर बसलेला तो उदास माणूस मी नव्हे, तो तू आहेस. तुझ्या कामाला मदत करायला मी तयार आहे, पण काय ते स्पष्ट असू दे.

सुल्ताननं हे पुस्तकात छापलं. फोटोंच्या सोबतीनं आईवडिलांचं म्हणणं त्यांच्या तोंडून आहे. त्यांच्या तक्रारी आहेत, तू आम्हाला आहोत त्यापेक्षा म्हातारे आणि दुःखी दाखवतोस हा आरोप आहे, आणि त्यांनी स्वतः काढलेल्या घरगुती फिल्म्समधली चित्रंही आहेत, ज्यांत सगळे तरुण, उन्हात, मजेत आहेत. म्हणजे वाचकापुढे दोन अल्बम ठेवलेत. एक मुलाचा, एक आईबापाचा. खरा कोणता ते सांगितलेलं नाही.

वडिलांची हरकत वाचली की पलंगावरचा तो फोटो पुन्हा बघावा लागतो. आता तो दोघांचा फोटो होतो. बापाच्या चेहऱ्यावर मुलाची भीती दिसते : आपणही असेच म्हातारे होणार, आपल्यालाही कुठे जायचं नसणार. आपण म्हाताऱ्यांचे उदास फोटो काढतो त्यांतली बरीचशी उदासी आपली असते, हे मला कुठल्याही सिद्धान्तातून इतकं पटलं नव्हतं, जितकं अर्व्हिंगच्या त्या खडसावण्यातून पटलं.

अर्थात छापायचं काय आणि गाळायचं काय हे शेवटी मुलानंच ठरवलं. बापाची हरकतही मुलाच्या पुस्तकाची शोभा झाली, असं कुणी म्हणेल, आणि त्यात तथ्य आहे. पण छापलेली हरकत आणि न छापलेली हरकत यांत फरक उरतोच. २०२३मध्ये या पुस्तकावरचं नाटक ब्रॉडवेवर आलं आणि नेथन लेननं अर्व्हिंगची भूमिका केली. म्हणजे बाप रंगमंचावर उभा राहून मुलाशी भांडत राहिला. अ‍ॅव्हेडनच्या फोटोंवरून असं नाटक होणं मला अवघड वाटतं. तिथे दुसऱ्या पात्राला संवादच नाहीत.

तिसरा मुलगा : टोलेडानो

फिलिप टोलेडानोचं 'डेज विथ माय फादर' आधी वेबसाइट म्हणून आलं आणि २०१०मध्ये पुस्तक झालं. फोनवर, मांडीवर लॅपटॉप घेऊन, ऑफिसात चोरून असं जगभरच्या लोकांनी ते वाचलं आणि रडले. तुम्ही वाचलं नसेल तर वाचा. अर्ध्या तासाचं काम आहे.

२००६मध्ये त्याची आई अचानक गेली. मग लक्षात आलं, की नव्वदी ओलांडलेल्या वडिलांना आत्ताचं काहीच आठवत नाही, आणि आई हे सगळं झाकून घेत होती. वडील सारखे विचारायचे, ती कुठे आहे? सांगितलं की त्यांना तो धक्का दर वेळी नव्यानं बसायचा. शेवटी मुलानं ठरवलं, की आई तिच्या आजारी भावाला बघायला पॅरिसला गेलीय असं सांगायचं. ते फोटो या खोटेपणाच्या सावलीतले आहेत. खिडकीतला मऊ उजेड, झोपलेले वडील, आणि मधेच हसू फुटावं असा एक फोटो, ज्यात म्हातारबुवांनी छातीवर दोन बिस्किटं ठेवलीत आणि मुलाला ती स्तनांसारखी दाखवतायत.

या कामावर मी पटकन बोट ठेवू शकत नाही, कारण ते प्रेमानं ओथंबलेलं आहे. तरी एक गोष्ट सलते. बायको गेली हे वडिलांना माहीत नव्हतं. ते वाचणाऱ्या हजारो अनोळखी लोकांना माहीत होतं. खोलीतल्या सर्वांत मोठ्या दुःखाची बातमी साऱ्या जगाला होती आणि ज्याचं ते दुःख, तो एकटाच त्यातून वगळलेला होता. त्यांना उलट उत्तर देता आलं असतं का? आज 'हो' म्हणालेला माणूस उद्या ते विसरणार असेल, तर परवानगी दर सकाळी नव्यानं मागायला हवी. आणि मागितली तरी ती कशाची, हे त्यांना कळायला हवं.

पण मग बिस्किटांचा फोटो आठवतो. टोलेडानोचे वडील तरुणपणी देखणे होते, १९३०च्या दशकात त्यांनी सिनेमात कामं केली होती. आठवण गेली, पण कॅमेऱ्यासमोर काय करायचं असतं हे अंगात राहिलं. तो फोटो मुलानं टिपलेला नाही, बापानं दिलेला आहे. हे पुस्तक मला तिथे पटतं. स्मृती गेलेल्या माणसालाही पोझ देता येते, म्हणजेच स्वतःकडून काहीतरी देता येतं. बापाला विनोद करू देणारे फोटो आणि तो झोपलेला असताना काढलेले फोटो यांना मी एका तागडीत तोलणार नाही, जरी दुसरे जास्त सुंदर असले तरी.

दाखवायचंच कशाला?

इथे चौथा एक मुलगा आठवतो. फोटोग्राफर नसलेला. फ्रेंच लेखक रोलां बार्थची आई १९७७मध्ये गेली. तिच्या फोटोंमध्ये ती सापडेना म्हणून तो शोधत राहिला आणि शेवटी सापडली ती पाच वर्षांची असतानाच्या एका फोटोत. १९८०च्या 'कॅमेरा ल्युसिडा'चा कणा म्हणजे हा फोटो. पुस्तकात इतर बरीच छायाचित्रं आहेत, पण हा फोटो त्यानं छापला नाही. तुम्हाला तो कुठल्यातरी मुलीचा जुना फोटो दिसेल, मला त्यात आई दिसते, असा त्याचा हिशेब.

'शेअर' हे बटण फोटोच्या खालीच असण्याच्या काळात हा निर्णय मला मोठा वाटतो. फोटो काढणं आणि दाखवणं ही दोन वेगळी कामं आहेत. आजीचा हॉस्पिटलमधला फोटो माझ्याजवळ असणं आणि तो 'गेट वेल सून' म्हणून स्टोरीला असणं, यांमध्ये एक अख्खा प्रश्न पडलेला असतो.

ज्यांना नाव आहे ते

मग चांगलं कसं दिसतं? माझ्याजवळ तीन उदाहरणं आहेत.

पहिलं इमोजेन कनिंगहॅमचं. ही अमेरिकन फोटोग्राफर १८८३ची. वयाच्या ब्याण्णवाव्या वर्षी तिनं नव्वदीतल्या आणि तिच्या आसपासच्या माणसांचे फोटो काढायला घेतले. १९७६मध्ये ती गेली आणि पुढच्या वर्षी 'आफ्टर नाइन्टी' हे पुस्तक आलं. त्यात बॉबी लिबॅरी नावाची, ऐंशी पार केलेली एक बाई आहे. सर्कशीच्या दुनियेतली, अंगभर गोंदवून घेतलेली. कनिंगहॅमनं तिची कातडीच दाखवलीय, पण ती कातडी बाईनं स्वतः निवडलेल्या चित्रांनी भरलेली आहे. बघणारा सुरकुत्यांपाशी पोहोचण्याआधी तिच्या मर्जीपाशी पोहोचतो. आणि कॅमेऱ्यामागेही तितकीच म्हातारी बाई आहे. तिला म्हातारपणाचं कौतुकही नाही आणि धसकाही नाही. ती शेजारणीचा फोटो काढतेय.

दुसरं मुंबईचं. सूनी तारापोरवाला आपल्याला 'सलाम बॉम्बे'ची पटकथाकार म्हणून माहीत असते. तिचं 'पारसीज' हे फोटोंचं पुस्तक २००० साली आलं. पारशी समाजात वयस्कांचं प्रमाण मोठं, आणि संख्या घटती : २००१च्या जनगणनेत ६९,६०१ आणि २०११मध्ये ५७,२६४. असा समाज 'शेवटचे काही' म्हणून हळव्या सुरात दाखवणं फार सोपं होतं. पण तारापोरवालाचं बघणं घरच्या माणसाचं आहे. त्यात थट्टा आहे, आणि ती थट्टा घरातल्यांनाच करता येते. तिचे म्हातारे एखाद्या लोप पावणाऱ्या जमातीचे नमुने वाटत नाहीत. ते जेवतात, प्रार्थना करतात, कंटाळतात.

तिसरं पी. साईनाथ यांनी २०१४मध्ये सुरू केलेल्या 'पारी'चं, म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडियाचं. तिथे सांगली जिल्ह्यातल्या तुफान सेनेच्या माणसांवरचे लेख आणि फोटो आहेत. गणपती बाळ यादव हे त्यांतले एक. भूमिगतांना निरोप आणि भाकऱ्या पोहोचवणारे. फोटोत ते शंभरीच्या उंबरठ्यावर आहेत आणि सायकलवर आहेत. सुरकुत्या त्यांच्याही चेहऱ्यावर आहेत, वारीतल्या कुठल्याही फोटोइतक्या. पण बघताना आपण त्यांच्यापाशी थांबत नाही, कारण नाव आहे, गाव आहे, काय केलं ते आहे, आणि सायकल आहे. याच माणसाला दिवे घाटात कुणी टिपलं असतं तर खाली 'अनुभवाच्या रेषा' आलं असतं. कुठला अनुभव? इंग्रजांच्या पोलिसांना चुकवून भाकऱ्या नेण्याचा. तो कॅप्शनमध्ये मावला नसता, कारण विचारायला कुणी थांबलंच नसतं.

म्हणजे कॅमेरा तोच, चेहरा तोच. फरक पडतो तो फोटोच्या आधी झालेल्या बोलण्यानं.

डोळे मिचकवा

म्हाताऱ्यांचा आणखी एक फोटोग्राफर आहे : सरकार. दर नोव्हेंबरात पेन्शनरांना हयातीचा दाखला द्यावा लागतो. ऐंशीपुढच्यांना ऑक्टोबरपासूनच देता येतो. २०१४मध्ये 'जीवन प्रमाण' आलं, आणि २०२१पासून चेहरा दाखवूनही हे काम होतं. घरातलं नातवंड फोन धरतं, आजोबा समोर बसतात, आणि अ‍ॅप सांगतं : डोळे मिचकवा. समोर फोटो नसून जिवंत माणूस आहे याची खात्री पटावी म्हणून.

सोय म्हणून हे उत्तमच आहे. बँकेच्या रांगेत उभं राहण्यापेक्षा हजारपट बरं. पण म्हाताऱ्या माणसाकडे बघण्याची ही सर्वांत किमान रीत आहे. तू आहेस ना? आहेस. झालं. आणि कधीकधी वाटतं, आपले बाकीचे फोटोही याच्या फार पुढे जात नाहीत. वाढदिवसाला केक, शेजारी आजी, 'नव्वदीतही ठणठणीत!' हाही एक हयातीचा दाखलाच, फक्त लाइक्ससह. त्याहून वाईट म्हणजे ती रील, ज्यात आजीकडून मुद्दाम एखादा अवघड इंग्रजी शब्द वदवून घेतात, किंवा विसराळू आजोबांना तोच प्रश्न पाचदा विचारतात. लोक म्हणतात, किती गोड. तिथे म्हातारा माणूस हसण्याचा विषय आहे. टोलेडानोचे वडील बिस्किटं ठेवतात तेव्हा विनोद त्यांचा असतो. या रीलमध्ये विनोद आपला असतो. 'गोड' म्हणण्याआधी एवढं तपासायला काय हरकत आहे?

यावर कुणी म्हणेल, मग काय परवानगीचे कागद घेऊन फिरायचं? रस्त्यावरचे, वारीतले फोटो काढायचेच नाहीत? काढा. गर्दीत चालणाऱ्या माणसाचा फोटो काढायला गुन्हा वाटून घेऊ नका. पण ज्याचा चेहरा फ्रेमभर घ्यायचा, त्याच्याशी दोन वाक्यं बोलायला वेळ नसेल तर तो चेहरा तुमचा नाही. आणि घरच्या माणसांबाबत तर सबबच नाही. फोन फिरवून फोटो त्यांना दाखवायला तीन सेकंद लागतात. चष्मा शोधायला धरून अर्धा मिनिट. 'हा नको' म्हणाल्या तर डिलीट करा. त्या फोटोत उजेड कितीही सुंदर पडलेला असला तरी.

शेवटी हे फोटो कुठे जातात तेही लक्षात असू द्या. माणूस गेल्यावर घरात पहिली धावपळ असते ती चांगल्या फोटोची. कुणाच्यातरी लग्नातल्या ग्रुप फोटोतून आजोबांचा चेहरा कापून मोठा करतात. खांद्यावर परक्या माणसाचा हात राहून जातो. मागे निळा रंग भरतात. गॅलरीत त्यांचे चारशे फोटो असतात, पण ते त्यांच्या पाठमोरे, झोपलेले, शेंगा सोलणारे. त्यांनी स्वतः उभं राहून दिलेला एकही नसतो.

काही म्हाताऱ्या बायका मात्र हुशार असतात. एक फोटो आधीच निवडून, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, कपाटात साड्यांखाली ठेवतात आणि सुनेला सांगून ठेवतात, माझ्यामागे हा लावा. त्यात त्या ताठ बसलेल्या असतात, पदर दोन्ही खांद्यांवरून, हसू नाही. कलेच्या दृष्टीनं त्या फोटोत काही नसतं. तुमच्या घरात असा एखादा फोटो नसेल, तर येत्या रविवारी आजीला विचारा, कुठली साडी नेसणार, कुठे बसणार. ती सांगेल तसा काढा. आणि ती सरळ बसली की 'नॅचरल राहा' म्हणू नका.